एल्मला पालवी फुटली की

माझ्या सासऱ्यांचा दिवस एका प्रश्नाने उजाडायचा. चहा बशीत ओतायचा, एक घोट घ्यायचा आणि विचारायचं, "माझा तिकीट कधी?" मी म्हणायची, अब्बा, ते तुमच्या मुलाला विचारा. मुलगा म्हणजे माझा नवरा. तो दारात बुटाची नाडी बांधत असायचा. बघतो, आज ऑफिसात गेलो की बघतो, असं म्हणून तो जो जिना उतरायचा तो थेट संध्याकाळीच उगवायचा. समोर असला की मी त्याला तुम्हीच म्हणते, पण इथे तो म्हणणार आहे. त्या हिवाळ्यात त्याने माझा जीव इतका खाल्ला की लिहिताना अहोजाहो करायला मन घेत नाही.

आम्ही कतारला, दोह्यात फरीज बिन ओमरान या वस्तीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. नवरा एका ट्रेडिंग कंपनीचं स्टोअर सांभाळतो, मी सकाळी एका शाळेच्या ऑफिसात जाते. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिची खोली रिकामी झाली, त्याच वर्षी गावाला माझ्या सासूबाई वारल्या. रायगडात खाडीच्या काठाला आमचं घर आहे, मागे नारळ-सुपारीची वाडी आहे. तिथे अब्बा एकटे उरले. शेजारी त्यांच्या पुतण्याचं घर आहे, जेवणाखाण्याचं आम्ही बघतो, असं त्या घरचे म्हणाले होते. पण माझ्या नवऱ्याने कोणाचं ऐकलं नाही. व्हिजा काढला, अब्बांची पेटी भरली, घराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तुम्हाला यायचंय का, हे त्याने अब्बांना विचारलंच नाही. तो असं काही विचारणाऱ्यातला नाही, परस्पर करून मोकळा होतो.

अब्बा जन्मभर खलाशी होते. मालवाहू बोटींवर वर्ष-वर्ष बाहेर, मग घरी थोडे दिवस, की पुन्हा बोलावणं. घरात सुखाने राहायची वेळ आली ती म्हातारपणी, आणि तेवढ्यात मुलाने उचलून तिसऱ्या मजल्यावर आणून बसवलं. त्यांचा पाय ठरायचा नाही. बाल्कनीपासून दारापर्यंत जायचे, दारापासून बाल्कनीपर्यंत यायचे. अब्बा, जरा टेका, म्हटलं की टेकायचे आणि मी पाठ फिरवली की पुन्हा सुरू. त्या येरझाऱ्या बघून बघून माझंही डोकं फिरायला लागलं. मी भात टाकायला जायची आणि गॅस न पेटवताच परत यायची.

आता झाडाचं सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर पूर्वी एक परदेशी बाई राहायची, कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायची. ती कायमची परत निघाली तेव्हा इथे सगळेच करतात तसं तिने सामान वाटून टाकलं. कोणाला सोफा, कोणाला मायक्रोवेव्ह. मला तिने झाड दिलं. एल्म त्याचं नाव, चिनी जातीचं, बोन्साय केलेलं. हातभर उंच, खोड मनगटाएवढं, एका बाजूला झुकलेलं, साल जागोजागी सुटून खाली तांबूस ठिपके दिसायचे. पानं अगदी नखाएवढी, कडेला दाते असलेली. निळ्या, उथळ कुंडीत ते माझ्या लग्नाच्या आधीपासून होतं म्हणे, तिच्याही आधी तिच्या शिक्षकाकडे होतं. घरी येणारा प्रत्येक जण आधी पानाला हात लावून बघायचा आणि विचारायचा, प्लास्टिकचं आहे का? मला असा राग यायचा!

त्या बाईने जाताना मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, हे घरातलं झाड नाही, याला उघडी हवा हवी, हिवाळ्यात थोडी थंडी लागू दे, उन्हाळ्यात तेवढं सावलीला घे. दुसरी, हे मागेल तेव्हाच पाणी दे. मी विचारलं, मागतं कसं? चिनी हॉटेलात जेवायला देतात तसली लाकडी काडी तिने मातीत खोल खुपसली, थोडा वेळ ठेवली आणि काढून माझ्या गालाला लावली. काडी गार-ओली लागली तर पाणी नाही, कोरडी लागली तर द्यायचं. बस्स. एवढ्यावर मी ते झाड वर्षानुवर्षं छान ठेवलं होतं. इथला उन्हाळा म्हणजे छपरावरच्या टाकीतलं पाणी नळाला उकळत येतं. गीझर बंद ठेवायचा आणि त्यात निवलेलं पाणी वापरायचं, अशी उलटी रीत. झाडालाही मी तेच निवलेलं पाणी द्यायची. त्याने मला कधी त्रास दिला नाही.

अब्बा आले आणि थोड्याच आठवड्यांनी ते पिवळं पडायला लागलं.

आधी आतली पानं गेली, मग टोकाची. रोज सकाळी बाल्कनीत पानांचा सडा. मी काडी खुपसून बघायची तर ओली. आज ओली, उद्या ओली, चार दिवसांनी बघितलं तरी ओलीच. मी तर एक थेंब घातला नव्हता. म्हटलं हवा दमट आहे, सुकत नसेल. कुंडी उन्हाकडे सरकवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सावलीत घेतली. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ बघितले, कोणी म्हणे कीड, कोणी म्हणे बुरशी. शाळेच्या ऑफिसात फी भरायला पालक समोर उभे आणि मी टेबलाखाली मोबाइलमध्ये एल्मची मुळं बघतेय. मुख्याध्यापिकेने एकदा नुसतं बघितलं, मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि दहा मिनिटांनी पुन्हा काढला.

शेवटचं पान गळलं त्या दिवशी शुक्रवार होता, सगळे घरी होते. अब्बांनी जेवणावर पुन्हा तिकिटाचं काढलं. या वेळी आवाज चढला होता. मना काय कोंडून ठेवलंय काय, म्हणाले. वाडीत सुपारी पडली असेल, ती कोण वेचतोय, म्हणाले. नवऱ्याने वेळ मारून न्यायला इकडेतिकडे बघितलं. त्याची नजर काचेबाहेरच्या त्या उघड्याबोडक्या फांद्यांवर गेली आणि तो बोलून गेला, "अब्बा, त्या झाडाला पालवी फुटली ना, की दुसऱ्या दिवशी तुमचं तिकीट काढतो. शब्द देतो."

मला वाटलं अब्बा ताट सारून उठतील. पण त्यांनी मान वळवून झाडाकडे नीट बघून घेतलं आणि हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवसापासून तिकिटाचा प्रश्न बंद झाला. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की येरझाऱ्याही कमी झाल्यात. खुर्ची बाल्कनीच्या काचेशी ओढून ते झाडासमोर बसून राहायला लागले होते.

कळलं ते मुंग्यांमुळे. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली होती. झाडाच्या कुंडीत मुंग्यांना काय मिळतंय म्हणून मी वाकले तर मातीला आंबूस वास. बोट घातलं तर खाली नुसता चिखल. आणि चिखलात चक्क चहाची पत्ती.

आमच्याकडे रीत आहे. पेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं. सांडलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशोब वर द्यावा लागतो, असं लहानपणापासून ऐकत आलेली माणसं आम्ही. गावाला ठीक आहे, दाराशी माड आहे, जास्वंद आहे, पाणी मातीत जिरून जातं. त्यात अब्बा खलाशी, बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं, त्यांना पाणी टाकवायचंच नाही. आणि इथे या घरात माती म्हणावी तर ती एवढीशी निळी कुंडी. सकाळचं उरलेलं पाणी तिच्यात, गोळी घेतल्यावरचं तिच्यात. शुक्रवारी जुम्म्यानंतर मुऐदरला खोली करून राहणारी आमच्याकडची माणसं अब्बांना भेटायला यायची, त्यांच्या सगळ्यांच्या पेल्यांतलं तिच्यात. कपातला चहासुद्धा. आणि मुलाने शब्द दिल्यापासून तर उरलेलंच नाही, भरलेला तांब्याही. पानं लवकर यायला हवी होती ना.

मी भडकले. खरं सांगते, माझा राग नाकावरच असतो, पण अब्बांवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. म्हटलं, अब्बा, तुम्ही हे झाड बुडवून मारलंत. त्यांना समजेचना. पाण्याने झाड मरतं हे आयुष्यात कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हातातल्या पेल्याकडे, आणि पेला त्यांनी हळूच खुर्चीखाली ठेवला. मला इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन उगाचच कपडे घड्या करत बसले.

चिखल झालेली माती काढून कुंडी बदलायची तर हिवाळा सरता सरता, नवे डोळे, म्हणजे कोंब, सुटायच्या आधी. तेवढं थांबायला हवं होतं आणि मला दम निघत नव्हता. रोज नखाने सालीचा एक कण खरवडायची. खाली हिरवं दिसलं की जीव भांड्यात पडायचा आणि तासाभराने वाटायचं, दुसऱ्या फांदीचं काय? मग ती खरवडायची. शेवटी अब्बाच म्हणाले, "बाय, त्याची कातडी सोलतेस तू. जरा बस." मला बस म्हणणारे ते, ज्यांचा स्वतःचा पाय कधी ठरला नाही! मला हसू आलं, पण नख मी आवरलं.

जानेवारी सरताना एका सकाळी आम्ही दोघांनी कुंडी बदलायला घेतली. बाल्कनीत जुनी चादर अंथरली. झाड उपसून काढलं तर तळाची मुळं काळी, बोटाने दाबली की गळून येणारी. अब्बा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि झाड दोन्ही हातांनी धरून राहिले. मी कात्रीने काळं सगळं कापत गेले, पांढरं दिसेपर्यंत. अर्धीअधिक मुळं गेली. अब्बा मधूनमधून म्हणायचे, बस गो, आता बस. मी म्हणायची, सडकं ठेवून चालणार नाही. नवी माती भरड केली होती, बारीक खडी मिसळून, पाणी ठरूच नये अशी. तारेने झाड कुंडीला बांधलं, नाहीतर वाऱ्याने हललं असतं. हे सगळं होईपर्यंत ऊन काचेवर आलं. नवरा एकदा डोकावून गेला, काही लागलं तर सांगा म्हणाला आणि आत जाऊन टीव्ही लावून बसला.

मग मी काडी अब्बांच्या हातात दिली. म्हटलं, यापुढे पाण्याचं तुम्हीच बघायचं. मातीत घालायची, काढायची, गालाला लावायची. ओली असेल तर पेला भरलेला असो की अर्धा, झाडाला द्यायचा नाही. आणि उरलेल्या पाण्याचं काय, त्यांनी लगेच विचारलं. मी म्हटलं, पिऊन टाका. ते विचारात पडले. मग तोडगा निघाला. उरलेल्या पाण्याची एक बादली मोरीशेजारी ठेवायची, त्याने मी संध्याकाळी लादी पुसायची. हिशोब चुकता. अब्बा खूश झाले. काडी त्यांनी सदऱ्याच्या खिशाला पेनासारखी लावली आणि ती रात्री झोपतानाच काय ती निघायची. मुलीने व्हिडिओ कॉल केला की ती इंग्रजीत काहीतरी विचारायची आणि ते काडी तिच्यापुढे धरून आपल्या बोलीत सांगायचे, आज कोरडी लागली, आज पाणी दिला. दोघांनाही समजायचं बहुतेक.

फेब्रुवारीत हवा सुरेख होती. झाडाला हवी तशीच. नखाने बघितलं तर साल खालून हिरवीगार, आता टोकापर्यंत. मला वाटलं, आज फुटेल, उद्या फुटेल. मी शाळेतून धावत यायची, चप्पल न काढता बाल्कनीत. काही नाही. खोडावर कुठेकुठे फुगल्यासारखं दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर नुसता तांबूस ठिपका. पुन्हा व्हिडिओ, पुन्हा कुंडी इकडून तिकडे. अब्बा मात्र शांत. मी विचारलं की म्हणायचे, येईल, घाई काय हाय? मला कमाल वाटायची. ज्या माणसाला इथून कधी एकदा जातो असं झालं होतं, तो म्हणतोय घाई काय आहे!

आणि माझं मला कळत नव्हतं की मला काय हवंय. झाड जगायला हवं होतं, ते तर हवंच होतं. पण पालवी फुटली की अब्बा जाणार. शाळेतून आल्यावर दार उघडायला कोणीतरी असतं, आपण जेवलो का असं कोणीतरी विचारतं, याची सवय लागली होती. सुरुवातीला मीच मनात म्हणायची, कधी एकदा जातायत. आता संध्याकाळी बादलीतल्या पाण्याने लादी पुसताना वाटायचं, ही बादली उद्या कशाने भरणार? मी स्वतःवरच चिडायची आणि लादी दोनदा पुसायची.

नवऱ्याच्या खिशांत दात कोरायच्या काड्या, स्टेपलरच्या पिना, काय वाटेल ते असतं, म्हणून मशीनला कपडे लावताना मी खिसे उलटे करते. एका शनिवारी ऑफिसच्या शर्टाचा खिसा उलटा केला आणि तळहातावर हिरवं काहीतरी पडलं. मोड आलेल्या मुगाएवढं. एक नव्हे, बरेच. काही ताजे, काही वाळून तपकिरी झालेले. मी बघतच राहिले. एकाला अगदी बारीक दाते फुटत होते.

मी तशीच बाल्कनीत गेले. अब्बा जोहरच्या नमाजाला खाली मशिदीत गेले होते. खोडाशी डोळे नेऊन बघितलं. ते तांबूस ठिपके म्हणजे खुडल्याच्या जखमा होत्या. झाड कधीचं फुटत होतं, आणि कोणीतरी रोज येऊन ते खुडत होतं. माझा नवरा, ज्याने त्या झाडाला कधी हात लावला नाही, ज्याला मी शंभरदा म्हणाले असेन, जरा कुंडी धरा. पहाटे फजरची नमाज झाली की मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात जाते, अब्बा हॉलमधल्या दिवाणावर पुन्हा आडवे होतात, आणि तेव्हा बाल्कनीचं सरकतं दार वाजतं हे मी रोज ऐकत होते. मला वाटायचं कपडे वाळलेत का बघतोय.

संध्याकाळी तो आला. अब्बा मगरिबला गेलेले. मी चहा दिला आणि चहाशेजारी बशीत ते डोळे ठेवले. त्याने बशीकडे बघितलं. चहाला हात न लावता तो आपणहून बोलायला लागला. लहानपणचं. बोटीचं बोलावणं आलं की घरात कोणी रडायचं नाही, रडलं तर वाट अडते म्हणून. आईने कधी अडवलं नाही, यानेही नाही. अडवून चालणारच नव्हतं, चूल त्यावर होती.

"निघताना अब्बा दारात उभ्याने पाणी प्यायचे," तो म्हणाला. "अर्धाच पेला. उरलेलं दारातल्या माडाच्या मुळाशी ओतायचे आणि चालायला लागायचे. मी तिथेच माडाला धरून उभा असायचो."

एवढं तो लग्नाला इतकी वर्षं होऊन मला पहिल्यांदा बोलला. माझा राग अर्धा ओसरला, पण अर्धा होता. म्हटलं, तुमच्या बापाला थांबवायचं असेल तर तोंडाने थांबवा. झाडाला का मारताय? पान नाही, मुळं अर्धी कापलेली, आत जी काही शिदोरी उरलीय त्यावर ते एकेक डोळा काढतंय आणि तुम्ही खुडताय. आणखी थोडे दिवस असंच केलंत तर खलास. मग ना झाड, ना अब्बा. तेही असेच आतून वाळत चाललेत, दिसत नाही का?

तो म्हणाला, "तिकडे त्यांना काही झालं तर?"

मी चहाचे कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी फजर झाल्यावर मी चहाचं आधण ठेवलं आणि कान बाल्कनीकडे. दार वाजलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी वाजलं. मी हातातलं टाकून हॉलच्या दारापर्यंत धावले. तो झाडासमोर उभा होता, हात पाठीमागे घट्ट धरलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. नुसता बघत होता. दिवाणावर अब्बा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. मी आवाज न करता मागे फिरले. चहा उतू गेला होता, शेगडी पुसावी लागली.

खुडणं थांबलं आणि झाडाने वाट बघितली नाही. आठवड्याच्या आत खोडावर हिरवे ठिपके, मग ठिपक्यांना टोकं, मग टोकं उलगडून पानं. शुक्रवारी सकाळी बाल्कनीत ऊन आलं तेव्हा ती पानं आरपार दिसत होती. आम्ही तिघं नाश्त्याला बसलो, समोर काच, काचेमागे झाड. मी घावणे वाढत होते. माझ्या नवऱ्याने मान खाली घातलेली. मला वाटलं, बोला ना आता, तुमचा शब्द आहे. आणि लगेच वाटलं, नका बोलू. मला सहन होईना, मी उगाच चटणी आणायला उठले. तेवढ्यात अब्बाच बोलले.

"बरा केलास खुडायचा सोडलास ता," ते मुलाला म्हणाले. "झार मेला असता."

नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. मी चटणीची वाटी घेऊन तिथेच उभी. अब्बा घावण्याचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस झोपलेलाच असतो काय? दार वाजला की मान वळवून बघायचो. पहिल्या दिवसापासून बघत होतो. मी न राहवून विचारलं, मग बोललात का नाही अब्बा? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुलाकडेही नाही. काचेकडे बघत म्हणाले,

"मना कधी कोनी थांबवला नव्हता. बरा वाटायचा."

माझा नवरा रडला. मी त्याला सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. अब्बा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला म्हणाले, चाय आन बाय. मी आत जाऊन नळ सोडून खूप वेळ उभी राहिले, पाणी वाया जातंय याचंही भान नव्हतं.

त्याच दुपारी त्याने तिकीट काढलं. स्वतःहून काढलं, अब्बांनी विचारलंही नाही. गावाला पुतण्याला फोन झाला, वाडीतला रस्ता साफ करून ठेवायला सांगितलं. आठवडाभर आम्ही काय काय भरत होतो, खजूर, चादरी, पुतण्याच्या बायकोला अत्तर. अब्बा पुन्हा बाल्कनी ते दार फिरायला लागले होते, पण मधे झाडाशी थांबायचे, काडी काढायचे, गालाला लावायचे आणि पुढे जायचे. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी काडी खिशातून काढून माझ्या हातात दिली. रोज बघ, पण सालीला नख लावू नको, म्हणाले.

सकाळचं विमान होतं. नवरा पेटी खाली गाडीत ठेवून परत वर आला. खिशातून गावच्या घराची किल्ली काढली आणि अब्बांच्या हातावर ठेवली. अब्बांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, जिथे काडी असायची तिथे. मग म्हणाले, बाय, पानी दे.

मी पेला भरून दिला. दारात उभ्याने त्यांनी पाणी प्यायलं, अर्धा पेला, बिस्मिल्ला म्हणून, तीन घोटांत. मग पेला हातात धरून थांबले. मी सवयीने बाल्कनीकडे बघितलं. माझा नवराही तिकडेच बघत होता, काचेमागच्या त्या हिरव्या झाडाकडे.

अब्बांनी पेला त्याच्यापुढे धरला.

"झाराला नको," म्हणाले. "तू पी."

त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही.